डॉसवरचा सी प्रोग्रॅम: ॲरो की सोडली तरी टेबल सरकतंच राहतं

लेथवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं मेंटेनन्स मी बघतो. तिथे एक जुनं ड्रिलिंग टेबल आहे आणि ते चालवणारा पीसी अजून एमएस-डॉस ६.२२ वर आहे. मोटरच्या ड्राइव्हला पल्स देणारं कार्ड आयसा स्लॉटमधलं (जुन्या पीसीत कार्ड बसवायची खाच) आहे, नवीन मशीनवर ते बसत नाही आणि त्याचा दुसऱ्या सिस्टिमसाठी ड्रायव्हरही नाही. प्रोग्रॅम टर्बो सी मध्ये लिहिलेला आहे. सोर्स हाताशी आहे, कंपाइलही होतो. लिहिणारे गृहस्थ कधीच निवृत्त झाले.

हवंय एवढंच: ॲरो की दाबून धरली की टेबल सरकावं, सोडली की जागच्या जागी थांबावं. होतं असं की, की दाबली की टेबल एक पाऊल सरकतं, मग क्षणभर काहीच नाही, मग चालू लागतं आणि की सोडल्यावरही तीन-चार सेकंद चालत राहतं. जास्त वेळ धरली तर पीसी टीं-टीं ओरडायला लागतो. एक ड्रिल बिट यातच मोडला.

लूप साधा आहे. केबीहिट (की आली आहे का सांगणारं फंक्शन) काही आहे म्हणालं की गेटच (आलेली की वाचणारं), मग स्विचमध्ये ७२, ८०, ७५, ७७ (वर, खाली, डावी, उजवी ॲरो) असे केस, प्रत्येकात टेबल एक पाऊल सरकवायचं. एका पावलाला साधारण पाव सेकंद लागतो.

आणखी एक विचित्र प्रकार. कॅप्स लॉक चालू असताना कोणीतरी पी दाबला आणि टेबल खाली गेलं. हे काय गौडबंगाल आहे?

निळा_पडदा

दादा, पाऊल टाकून झालं की बफर (न वाचलेल्या कींची साठवण) रिकामं करा. केबीहिट खरं आहे तोवर नुसतं गेटच करत राहायचं, आलेलं फेकून द्यायचं. कॉलेजात सापाचा खेळ केला होता तेव्हा आम्ही हेच करायचो, साप लगेच वळायला लागला.

लेथवाला

करून बघितलं. सोडल्यावर पुढे जाणं बरंच कमी झालं, धन्यवाद. पण सुरुवातीचा थांबा तसाच आहे आणि चाल धक्के खाते. हाताने जॉब (भोक पाडायचा तुकडा) सेट करताना असं चालत नाही.

गोदाकाठ

लेथवाला, तुमच्या प्रोग्रॅमला त्याच्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच मिळतंय. केबीहिट विचारतं, 'न वाचलेलं अक्षर शिल्लक आहे का?' तुम्हाला हवंय, 'ॲरो की या क्षणी दाबलेली आहे का?' हा दुसरा प्रश्न डॉसला विचारायची सोयच नाही. बायोसला (पीसीतच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमला) विचारता येतो, पण मोजक्या कींपुरता. म्हणून खाली उतरावं लागतं. सगळा रस्ता एकदा सांगतो, मग तुमची तिन्ही लक्षणं आपोआप उलगडतील.

की दाबली की कीबोर्डमधली चिप एक स्कॅन कोड (त्या कीचा ठरलेला आकडा) पाठवते. पीसीत आयआरक्यू १ हा इशारा येतो, त्यातून इंटरप्ट ९ (चालू काम थांबवून आधी इकडे बघ अशी हाक) उठतो आणि बायोसचा कोड पोर्ट हेक्स ६० (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातला आकडा) वरून तो बाइट वाचतो. वरच्या ॲरोचा कोड ७२. की सोडली की कीबोर्ड पुन्हा कोड पाठवतो, त्याच आकड्यात १२८ मिळवून, म्हणजे २००. सुटल्याची ही बातमी पीसीपर्यंत दर वेळी पोचते. बायोस ती शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट अशा कींसाठीच जपून ठेवतं. बाकी कींच्या बाबतीत टाकून देतं. तुमच्या प्रोग्रॅमला की सुटल्याचं कळत नाही त्याचं मूळ इथे आहे.

दाबल्याची बातमी मात्र बायोस रांगेत लावतं. मेमरीत सेगमेंट हेक्स ४०, ऑफसेट १ई या पत्त्यापासून ३२ बाइट, म्हणजे १६ जागा. एका जागेत दोन बाइट: अक्षराचा आस्की (अक्षराला दिलेला प्रमाण आकडा) आणि स्कॅन कोड. रांगेचं डोकं ऑफसेट १ए ला, शेपूट १सी ला. दोन्ही सारखे झाले की रांग रिकामी, म्हणून एक जागा कायम मोकळी ठेवावी लागते आणि प्रत्यक्षात १५ कीच मावतात. सोळावी आली की बायोस भोंगा वाजवतं. तुमची टीं-टीं ती हीच.

आता हिशेब करा. एटी (आयबीएमचा एक जुना पीसी) आणि पुढच्या मशीनवर कीबोर्ड मुळात अर्धा सेकंद थांबतो आणि मग सेकंदाला साधारण ११ वेळा तीच की पुन्हा पाठवतो. सुरुवातीचा थांबा म्हणजे तो अर्धा सेकंद. तुमचं पाऊल पाव सेकंदाचं, म्हणजे सेकंदाला चारच उपसता आणि अकरा आत येतात. रांग भरते. की सोडता तेव्हा आत १५ पडलेल्या असतात, पावसेकंदी पंधरा पावलं म्हणजे पावणेचार सेकंद. तुम्ही लिहिलेले तीन-चार सेकंद तंतोतंत जुळतात.

पी चं कोडं सोपं आहे. ॲरोला आस्की नाही, म्हणून गेटच आधी शून्य देतं आणि पुढच्या हाकेला स्कॅन कोड देतं. ७२, ८०, ७५, ७७ हे आकडे आस्कीत मोठे एच, पी, के आणि एम आहेत. मूळ कोडात आधी शून्य आलं का हे न बघता थेट केस लावलेत. शून्य आलं तरच पुढचं गेटच करून ॲरो तपासा, नाहीतर साधं अक्षर म्हणून सोडून द्या. बाकी काही करा न करा, ही दुरुस्ती आजच करा.

घाईत असाल तर एक सोपी वाटही आहे. ॲरोसोबत कंट्रोल धरूनच टेबल हलेल असं ठेवा आणि प्रत्येक पावलाआधी बायोसकी या फंक्शनला २ देऊन विचारा. उत्तरात उजवी शिफ्ट १, डावी २, कंट्रोल ४, ऑल्ट ८. कंट्रोलचा बिट गेला की थांबा आणि रांग पुसून टाका. इंटरप्टला हातही लावावा लागत नाही. मात्र कंट्रोल धरल्यावर ॲरोंचे कोड बदलतात, डावीकडचा ११५ आणि उजवीकडचा ११६ होतो, तेवढं स्विचमध्ये घ्या.

व्यत्यय

गोदाकाठ काकांशी सहमत, पण कंट्रोलची वाट हे मलमपट्टीचं काम झालं. ऑपरेटरचे दोन्ही हात कीबोर्डवर अडकतात, जॉब कोण धरणार? सरळ इंटरप्ट ९ हातात घ्या. टर्बो सी मध्ये हे फार अवघड नाही.

१२८ घरांची एक तक्ता-ॲरे घ्या. गेटव्हेक्ट ने इंटरप्ट ९ च्या फंक्शनचा जुना पत्ता जपून ठेवा, सेटव्हेक्ट ने आपलं फंक्शन बसवा. ते इंटरप्ट प्रकाराचं हवं. आत पोर्ट ६० वाचा. आकडा १२८ पेक्षा लहान असेल तर त्या घरात १, नाहीतर १२८ वजा करून त्या घरात ०. शेवटी पोर्ट हेक्स २० ला हेक्स २० पाठवा, म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर पुढच्या कीला मोकळा होतो. मुख्य लूपमध्ये नुसतं घर ७२ बघायचं. १ असेल तर पाऊल, ० असेल तर थांबा. अर्धा सेकंद नाही, रांग नाही, टीं-टीं नाही. दोन ॲरो एकदम धरले तर टेबल तिरकंही जातं.

डॉसवरचे पळापळीचे खेळ असेच लिहिले जायचे.

गोदाकाठ

व्यत्यय, खेळासाठी ठीक आहे. मशीनवर बायोसला पूर्ण बाजूला सारणं मला पटत नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ओळखणारा कोड त्याच बायोसच्या इंटरप्ट ९ मध्ये आहे. तुमच्या पद्धतीत प्रोग्रॅम अडकला तर ऑपरेटरला मेन स्विच बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. आपलं काम झालं की जुन्या फंक्शनला हाक मारा. तेही पोर्ट ६० वाचेल, तोच बाइट त्याला मिळेल. कंट्रोलरला निरोप तेच पाठवतं, म्हणून तेव्हा आपण हेक्स २० पाठवायचं नाही.

व्यत्यय

मग बायोस रांगेत कीही टाकत राहणार आणि भोंगा परत सुरू.

गोदाकाठ

सुरू होईल, म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत रांग पुसायची. केबीहिट आणि गेटच नेच पुसा. डोकं-शेपूट हाताने सारखं करायचा मोह टाळा. शून्य वाचून झालंय आणि स्कॅन कोड अजून डॉसच्या कन्सोल ड्रायव्हरने स्वतःकडे धरून ठेवलाय, अशा क्षणी बायोसची रांग पुसली तरी तो एक बाइट उरतो आणि पुढच्या गेटच ला एच म्हणून बाहेर येतो. एमएस-डॉस ४.० चा सोर्स मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुला केलाय. त्यातला कन्सोल ड्रायव्हर बघा, ही साठवण तिथे डोळ्यांनी दिसते. ज्यांना अशी मशीन सांभाळायची आहेत त्यांच्यासाठी तो सोर्स म्हणजे मोठी ठेव आहे.

सह्यकन्या

दोघांचंही समाधान होईल अशी एक मधली वाट आहे. एटी आणि नंतरच्या बायोसमध्ये इंटरप्ट ९ बाइट वाचल्यावर इंटरप्ट १५ ला हाक मारतो, एएच मध्ये हेक्स ४एफ आणि एएल मध्ये स्कॅन कोड घेऊन (हे दोन्ही प्रोसेसरमधले रजिस्टर, म्हणजे आकडे धरायच्या जागा). आपण तिथे बसायचं. कोड बघून तक्ता भरायचा आणि ती की बायोसने पुढे नेऊ नये असं वाटलं तर कॅरी फ्लॅग (प्रोसेसरमधली एक हो-नाही खूण) पुसून परत यायचं. ॲरो तेवढ्या गिळायच्या, बाकी सगळं जाऊ द्यायचं. रांग भरत नाही, भोंगा वाजत नाही, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चालतं आणि कंट्रोलरला निरोप देणं बायोसकडेच राहतं.

पथ्य एकच. इंटरप्ट १५ वर इतरही सेवा आहेत. एएच मध्ये ४एफ नसेल तर सगळे रजिस्टर जसेच्या तसे ठेवून जुन्या पत्त्यावर उडी मारायला हवी. हे शुद्ध सी मध्ये नीट जमत नाही, चार ओळी असेंब्लीच्या लिहाव्या लागतात. अगदी जुन्या पीसी-एक्सटीच्या बायोसमध्ये ही हाक नाही, पण ६.२२ चालवणारं तुमचं मशीन बहुधा ३८६ च्या पुढचंच असणार.

कुठलीही वाट घ्या, या गोष्टी सांभाळा. तक्ता व्होलाटाइल म्हणून जाहीर करा, नाहीतर कंपाइलर किंमत रजिस्टरमध्ये धरून बसू शकतो आणि लूपला बदल दिसतच नाही. कंपाइलरच्या पर्यायांतली स्टॅक ओव्हरफ्लोची तपासणी त्या फाइलपुरती बंद ठेवा. इंटरप्ट येतो तेव्हा स्टॅक डॉसचा किंवा बायोसचा असू शकतो, तपासणी त्याला चुकीचा ठरवून प्रोग्रॅम पाडते. आत प्रिंटएफ नको, फाइल उघडणं नको. डॉस पुन्हा-प्रवेश (एक काम अर्धवट असताना दुसरी हाक) सहन करत नाही.

आणि बाहेर पडताना जुना पत्ता परत बसवायलाच हवा. तो राहिला तर प्रोग्रॅमची मेमरी डॉस दुसऱ्याला देतो, पुढची की दाबली की प्रोसेसर तिथे जो काही कचरा असेल तो चालवायला जातो आणि मशीन गोठतं. साधा एक्झिट ॲटएक्झिट ने सांभाळता येतो. कंट्रोल-सी साठी सीटीआरएलबीआरके वेगळं लावा. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये नसताना येणारा 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' विसरू नका, त्यातला अबॉर्टही प्रोग्रॅम बाहेर फेकतो. त्याला हार्डएरर ने पकडा.

इस्की९१

एक छोटी भर. गेटच चं उत्तर इंट (पूर्णांकाचा प्रकार) मध्येच घ्या, कॅर (एका बाइटचा प्रकार) मध्ये नको. टर्बो सी मध्ये कॅर मुळात चिन्हासह असतो, १२७ च्या पुढचं सगळं ऋण होतं. डॉसवर मराठी नोंदींचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असायचं. इस्की (भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी पद्धत) मध्ये देवनागरी अक्षरं १६१ पासून पुढे आहेत, त्यामुळे 'मोठा असेल तर' अशी एकही अट लागू पडायची नाही. स्कॅन कोडलाही तेच. २०० हा ऋण ५६ दिसला की की सुटल्याचं कधीच कळणार नाही. तक्ता भरणाऱ्या फंक्शनात अनसाइन्ड कॅर.

निळा_पडदा

वाचनखूण साठवली. आम्हाला प्रॅक्टिकलला केबीहिट-गेटच ज्यात असतात ती कोनियो ची हेडर फाइल डोळे झाकून लिहायला लावायचे, तिच्या खाली एवढं काही आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. एक शंका: लिनक्सवर गेटच का नाही?

व्यत्यय

कारण ती फाइल सी च्या प्रमाणात नाहीच, डॉसच्या कंपाइलरांची सोय आहे. लिनक्सवर टर्मिनल स्वतः ओळ पूर्ण होईपर्यंत अक्षरं अडवून धरतं. टर्मिऑस या सोयीने ओळीची आणि इकोची (टाइप केलेलं पडद्यावर दाखवण्याची) सेटिंग बंद करायची, मग सिलेक्ट किंवा पोल ने विचारायचं. पण तिथेही साध्या टर्मिनलवर की सुटल्याचं कळत नाही. लेथवाल्यांचा विषय पुढे जाऊ द्या.

पॅनेलवायरमन

मी इलेक्ट्रिकल कामाचा माणूस, प्रोग्रॅमिंग बेताचं. पण वरची सगळी चर्चा वाचून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तक्त्यात ७२ च्या घरात १ आहे आणि त्याच वेळी कीबोर्डची वायर निघाली तर? सुटल्याचा कोड कधीच येणार नाही. घरात १ तसाच, मोटर चालूच. वर्कशॉपमध्ये कीबोर्डच्या वायरीत पाय अडकणं ही रोजची गोष्ट आहे.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल मशरूम बटण थेट ड्राइव्हच्या पुरवठ्याच्या कॉन्टॅक्टरवर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) हवं, नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेल्या, दाबल्यावर तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टने. लिमिट स्विचही तसेच. पीसी, डॉस, प्रोग्रॅम यांपैकी कशावरही ते अवलंबून नको. हे बसलेलं नसेल तर कीबोर्डचा कोड बदलण्याआधी हे बसवा. टेबलाखाली माणसाचा हात असतो.

सह्यकन्या

पॅनेलवायरमन यांचं शंभर टक्के बरोबर. ते बटण अनिवार्य. त्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नव्हे, कोडातही एक पहारा ठेवता येतो. की धरलेली असताना कीबोर्ड तीच की पुन्हा पुन्हा पाठवतो, इतका वेळ आपण ज्याला वैतागलो तीच गोष्ट इथे कामाला येते. प्रत्येक कोड आला की वेळ नोंदवायची. ठरलेल्या वेळात नवा कोड आला नाही तर सुटली असं समजून घर ० करायचं.

आधी इंटरप्ट १६ ला एएच ३, एएल ५, बीएक्स ० देऊन कीबोर्ड सर्वांत चपळ करा: पहिला थांबा पाव सेकंद, मग सेकंदाला ३०. वेळेसाठी बायोसचा टिक वापरा, सेगमेंट ४० ऑफसेट ६सी, सेकंदाला १८.२ वेळा वाढतो, म्हणजे एक टिक साधारण ५५ मिलिसेकंदांचा. पहिल्या कोडनंतर ६ टिकांची सवलत, त्यानंतर ३ टिकांची. वायर निघाली तर टेबल फार तर एक-तृतीयांश सेकंदात थांबतं.

पण पाऊल पाव सेकंदाचं असेल तर ही तपासणी पावलाच्या आत, पल्स देणाऱ्या लूपमध्येच करा. आणि कीबोर्ड फक्त शेवटी दाबलेली की पुन्हा पाठवतो. दोन ॲरो धरले तर आधीची शांत होते आणि पहारा तिला सुटलेली समजतो. तिरकी चाल सोडून द्या, एका वेळी एकच दिशा.

लेथवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालेलं सांगतो. मशरूम बटण आधीपासून होतं, पण ते पीसीच्या कार्डाच्या इनपुटला जोडलेलं निघालं. ते काढून थेट कॉन्टॅक्टरवर घेतलं. शून्य तपासणं घातलं, पी ने आता काही होत नाही. सह्यकन्या ताईंची इंटरप्ट १५ ची वाट घेतली, असेंब्लीचे तुकडे एका जुन्या मित्राने लिहून दिले. पहारा पल्सच्या लूपमध्ये बसवला, टेबल चालू असताना कीबोर्डची वायर काढून बघितली, टेबल थांबलं.

एकच नवीन प्रकार उरलाय. शिफ्ट धरली की चाल जलद, असं मी घातलंय. नम लॉक चालू असताना मधल्या ॲरो दाबल्या तर शिफ्ट न धरताच टेबल जलद जातं. नंबरपॅडवरच्या ॲरोंना असं होत नाही.

गोदाकाठ

१०१ कींच्या कीबोर्डची ही खोड आहे. मूळ ८३ कींच्या कीबोर्डवर ॲरो फक्त नंबरपॅडवर होते. नंतर मधले ॲरो आले तेव्हा त्यांना तेच कोड दिले, पुढे २२४, म्हणजे हेक्स ई०, लावून. नम लॉक चालू असताना जुन्या प्रोग्रॅमांना ७२ म्हणजे ८ हा आकडा वाटला असता. म्हणून कीबोर्ड आधी खोटी डावी शिफ्ट पाठवतो: २२४, ४२, मग २२४, ७२. सोडताना २२४, २०० आणि मग २२४, १७०. तुमचं फंक्शन २२४ सोडून ४२ तेवढं बघतंय, म्हणून त्याला खरीच शिफ्ट वाटते.

२२४ आलं की एक खूण ठेवा. पुढचा कोड ४२, ५४, १७० किंवा १८२ असेल तर दुर्लक्ष करा, खूण पुसा. खरी शिफ्ट कधीच २२४ घेऊन येत नाही. आणि इंटरप्ट १५ वरून येताना २२४ हाही वेगळ्या हाकेत स्वतंत्र येतो, म्हणून ती खूण फंक्शनात स्टॅटिक ठेवा. त्या खोट्या शिफ्टचे बाइट गिळू मात्र नका, बायोसला जाऊ द्या.

लेथवाला

केलं, काका. नम लॉक चालू आणि बंद, दोन्हीत आता सारखं चालतं. पॉझ की बद्दल काही खबरदारी?

गोदाकाठ

ती २२५ ने सुरू होणारे सहा बाइट एकदमच पाठवते आणि सुटल्याचा वेगळा कोड तिला नाही. त्या सहांतला दुसरा बाइट २९, म्हणजे कंट्रोलचाच. कंट्रोलवर काही बेतलं असेल तर २२५ नंतरचे पाच बाइट तक्त्यात घेऊ नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॉझ दाबल्यावर बायोस दुसरी की येईपर्यंत आतच थांबून राहतं, तेवढा वेळ तुमचा पल्सचा लूप आणि पहारा दोन्ही बंद. ॲरो गिळता तशी तीही इंटरप्ट १५ वरच गिळा, सहाही बाइट.